उपद्रवी भाडेकरू आणि भाडेनियंत्रण कायदा : अहमदनगरच्या वाड्यांच्या संदर्भात

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराच्या माळीवाडा, तोफखाना यांसारख्या जुन्या भागांत वाडामालक व भाडेकरू बहुधा एकाच चौकाभोवती राहत. भांडणे, दारू, जुगार यांचा त्रास साहजिकच सर्वांना होई. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १३ ने उपद्रव हे निष्कासनाचे कारण मानले; मात्र तो लगतच्या किंवा शेजारच्या रहिवाशांना झालेला असला पाहिजे, अशी अट होती. अनैतिक वा बेकायदेशीर वापराबाबत तर दोषसिद्धीच आवश्यक होती. वाड्यात राहणारा मालक स्वतःच शेजारी ठरे. परगावी गेलेल्या मालकाची भिस्त इतर बिऱ्हाडांच्या साक्षीवर, आणि रोज समोर येणाऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्यास कोण धजावणार? पाणी किंवा वीज तोडण्याचा सोपा वाटणारा मार्ग कलम २४ ने बंद केला होता.

३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने कलम १६ व २९ मध्ये हीच चौकट ठेवली. नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात मात्र मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून निवासी जागेचा ताबा मागता येतो. त्यामुळे न्यायालयात उपद्रव सिद्ध करण्यापेक्षा अकरा महिने सरण्याची वाट पाहणे मालकांना सोयीचे वाटू लागले.