निळ्या विजारीचा काठ

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून कोलकात्यास आमच्याकडे राहावयास आला. त्याच्या अंगात गडद निळ्या जाड कापडाची एक जीन्स होती. ती इतकी ताठ होती, की काढून ठेवल्यावर भिंतीच्या आधाराने जवळजवळ स्वतःच्या पायांवर उभी राही. चार दिवसांनी माझ्या पत्नीने ती धुण्यात टाकण्यासाठी उचलली, तेव्हा चिरंजीव शेजारच्या खोलीतून धावत आले. "काकू, नको! एकदा भिजवून झाली आहे. आता सहा महिने तरी तिला पाणी लावायचे नाही!" सहा महिने न धुतलेले वस्त्र घरात वावरते ठेवायचे, ही कल्पना आमच्या घराला नवीन होती. तेव्हा या आग्रहामागे काय शास्त्र आहे, ते मी त्याला विचारले. त्याने जे सांगितले आणि पुढे माझे मला जे आठवत गेले, तेच आज आपणांपुढे मांडणार आहे.

ती विजार नवी होती, पण नव्या धर्तीची नव्हती. १९४४ सालच्या अमेरिकन विजारीची ती जपानमध्ये केलेली बरहुकूम प्रतिकृती होती. अशा प्रतिकृती करणारे कारागीर आणि त्या हौसेने घेणारे लोक आज जगभर आहेत. कापडाची वीण, शिलाईचा दोरा, बटणे, खिशाचा आकार, कमरेची उंची, सारे काही त्या विशिष्ट सालाशी जुळले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असतो. ताम्रपटाचा काळ जाणकार जसा अक्षरांच्या वळणावरून सांगतो, तसा हे लोक विजारीचा काळ तिच्या खुणांवरून सांगतात.

हे वस्त्र आपणांस वाटते तितके परके नाही. 'डेनिम' हे नाव फ्रान्समधील नीम या गावाशी आणि 'जीन' हे नाव इटलीतील जिनोआ बंदराशी जोडले जाते. परंतु या जातीच्या जाड सुती कापडाला इंग्रजीत जे तिसरे नाव आहे, ते 'डंगरी', आपल्या मुंबईचे आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात 'डोंगरी कापड' असा शब्द आढळतो. डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड, आणि त्यावरून पुढे कोणतेही हलके, स्वस्त सुती कापड, असा त्याचा अर्थ तेथे दिला आहे. हेच कापड कंपनीच्या गलबतांतून परदेशी गेले आणि खलाशांच्या अंगावर चढले. गरिबाच्या कापडाचे नाव असे साता समुद्रांपलीकडे पोहोचले, आणि मुंबईत ते नाव आज केवळ एका वस्तीचे उरले आहे.

आता त्या खुणांकडे वळू. २० मे १८७३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि नेवाडातील रीनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस यांना एका साध्या युक्तीचे पेटंट मिळाले. खाणीत आणि रानात राबणाऱ्या मजुरांच्या विजारी खिशांच्या कोपऱ्यांशी फाटत, म्हणून डेव्हिसने त्या कोपऱ्यांवर धातूचे रिवेट ठोकले. आरंभीच्या विजारीला मागे एकच खिसा होता, दुसरा १९०१मध्ये आला. कमरेला गॅलिस अडकवण्याची बटणे आणि मागच्या बाजूस कमर आवळण्यासाठी बकलाची पट्टी असे. पट्टा ओवण्याच्या फिती १९२२मध्ये आल्या. मागच्या खिशांवरील रिवेटांनी घोड्यांची खोगिरे आणि घरातील खुर्च्या ओरखडत, म्हणून १९३७मध्ये ते कापडाखाली दडवण्यात आले.

मग महायुद्ध आले. अमेरिकेत धातू, कापड आणि दोरा यांच्या वापरावर सरकारी निर्बंध पडले. घड्याळाच्या खिशावरचे रिवेट गेले, मागची बकलाची पट्टी गेली, आणि मागच्या खिशांवरील कमानीची दुहेरी शिलाई दोरा वाचवण्यासाठी चक्क रंगाने काढली जाऊ लागली. माझ्या पुतण्याच्या विजारीवर ती कमान रंगवलेलीच आहे. शिलाईचे यंत्र आणि दोरा हाताशी असताना जपानी कारागिराने ती मुद्दाम रंगवली, कारण १९४४ साली ती तशी होती. टंचाईने घातलेले ठिगळ ऐंशी वर्षांनी चोखंदळपणाचे लक्षण ठरले! प्रथम मला याचे हसू आले. नंतर मात्र वाटले, की यात एक सचोटी आहे. यातील प्रत्येक खूण कोणाच्या तरी अडचणीची नोंद आहे, आणि ती नोंद या मंडळींनी सोयीसाठी बदललेली नाही.

बेताविषयीही असेच म्हणता येईल. जुन्या काळी ही विजार कामाच्या वेळी कधीकधी दुसऱ्या विजारीवरून चढवीत, त्यामुळे ती ढगळ, रुंद पायांची आणि कमरेला उंच असे. युद्धानंतर ती कामगाराकडून हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या तरुणांकडे गेली, तसतशी ती अंगाबरोबर येत गेली. परंतु पायाचा सरळपणा बराच काळ टिकला, आणि त्याचे कारण अंगात नसून मागात आहे. जुन्या मागावर धोटा बाण्याचे सूत घेऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो व तेच सूत न तोडता परत येतो. त्यामुळे कापडाची कड आपोआप बंद होते. तोच काठ. अशा मागावरचे कापड सुमारे तीस इंच रुंद निघते. विजार बेतताना हा काठ पायाच्या बाहेरच्या शिवणीला घेतला, की तेथे दोरे सुटण्याची भीती उरत नाही आणि कड बांधून घेण्याचे काम वाचते. पण काठ हा सरळच असणार. म्हणून बाहेरची शिवण सरळ ठेवून सारा आकार आतल्या शिवणीतून काढावा लागे. म्हणजे विजारीच्या पायाचे वळण बऱ्याच अंशी मागाने ठरवले!

पुढे धोट्याविना चालणारे रुंद व वेगवान माग आले आणि हा काठ बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. जपानमधील काही गिरण्यांनी मात्र जुने माग चालू ठेवले. ज्या गिरणीने पिढ्यान्‌पिढ्या लेव्ही स्ट्रॉसच्या पेढीला हे कापड पुरवले, ती उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील व्हाइट ओक गिरणी १९०५मध्ये सुरू झाली होती. २०१७च्या अखेरीस ती बंद पडली.

पुतण्याची विजार पायात लांब होत होती, म्हणून एका रविवारी मी त्याला मेटियाबुरुजला घेऊन गेलो. हुगळीकाठची ही वस्ती शिंप्यांची आहे. अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह १८५६मध्ये कलकत्त्यास आले, ते १८८७मध्ये मरण पावेपर्यंत येथेच राहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या दर्जींपासून येथील शिवणकामाची परंपरा स्थानिक लोक सांगतात. मुख्य कारागिराला येथे 'ओस्तागर' म्हणतात. आज येथे घरोघरी यंत्रे चालतात, आणि लहान मुलांच्या कपड्यांपासून जीन्सपर्यंतचा माल देशभर जातो.

एका वयस्क ओस्तागरांनी ती विजार हातात घेतली, उलटी केली आणि बाहेरच्या शिवणीवरून बोट फिरवले. पांढऱ्या काठातली लाल रेघ दिसताच ते म्हणाले, "ही कड आहे म्हणून आत दोरा मारावा लागला नाही." आमच्या चिरंजिवांना जे समजण्यास वर्षभराचे वाचन लागले होते, ते त्यांनी एका दृष्टिक्षेपात सांगितले. मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. ती निळी झाली होती. "नील सुटतो आहे," ते म्हणाले.

त्या एका शब्दाने मी विजारीतून निघून बंगालच्या इतिहासात गेलो.

नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या कुंडात तिचे रूप पालटून ती विरघळती करतात. तेव्हा ती पिवळसर हिरवी असते. सूत त्यात बुडवून हवेत काढले, की ते निळे होते. असे पुनःपुन्हा केले तरी रंग सुताच्या वरच्या थरांत राहतो, गाभा पांढराच उरतो. म्हणून ही विजार गुडघ्याशी, मांडीशी, खिशाशी झिजते तेथे फिकी होते, आणि वापरणाऱ्याच्या बसण्या-उठण्याच्या खुणा तिच्यावर उमटतात. पुतण्याचा धुण्यास विरोध होता, तो यासाठी.

परंतु ही नीळ कोठून येई? जर्मनीतील बाडिश कंपनीने १८९७मध्ये रासायनिक नीळ बाजारात आणली. त्यापूर्वीची सारी नीळ वनस्पतीची होती, आणि एकोणिसाव्या शतकात जगाच्या बाजारात बंगाल-बिहारच्या निळीला अग्रस्थान होते. निळीची झुडपे कापून हौदांत कुजवीत. खालच्या हौदात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मजूर ते पाणी वल्ह्यांनी घुसळीत. तळाशी बसलेला साका उकळून, दाबून, वड्या पाडून वाळवीत आणि पेट्यांत भरून नावांतून कलकत्त्यास धाडीत. येथील लिलावांतून तो माल युरोपात जाई.

रयतेला त्यात काय मिळे? मळेवाले तिला 'दादन' म्हणजे आगाऊ रक्कम देत आणि भाताच्या उत्तम जमिनीत नीळ पेरावयास लावीत. भाव त्यांचा, माप त्यांचे, लाठीवालेही त्यांचेच. फिटणार नाही असे ते कर्ज बापाकडून मुलाकडे जाई. १८५९मध्ये नदिया जिल्ह्यातील चौगाछा येथील दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास यांच्या पुढाकाराने रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला, आणि तो नकार जिल्ह्यांमागून जिल्ह्यांत पसरला.

मी स्वतः सरकारी सेवेत असल्यामुळे या कथेतील कागदपत्रांकडे माझे लक्ष अधिक जाते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कलारोआचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट हेमचंद्र कर यांनी, बारासातचे मॅजिस्ट्रेट ॲशली ईडन यांच्या भूमिकेस अनुसरून, एक परवाना काढला. आपल्या जमिनीत काय पेरावे हे ठरवण्याचा हक्क रयतेचा आहे आणि पोलिसांनी त्या हक्काचे रक्षण करावे, एवढाच त्याचा आशय होता. तो कायद्याबाहेर एक शब्दही गेला नव्हता, पण त्याने रान पेटले. 'नीलदर्पण' हे नाटक १८६०मध्ये निनावी प्रसिद्ध करणारे दीनबंधू मित्र टपाल खात्यातील अधिकारी होते. त्याचे इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला, व तो दंड कालीप्रसन्न सिंह यांनी तेथल्या तेथे भरला. त्या भाषांतराच्या प्रती सरकारी टपालातून पाठवल्याबद्दल सेटन-कार यांना बंगाल सरकारचे सचिवपद सोडावे लागले.

अलीपूरला बेल्व्हेडिअरच्या आवारात आज राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्या काळी ते लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८६०मध्ये त्या पदावर असलेले जॉन पीटर ग्रँट कुमार आणि कालीगंगा या नद्यांतून बोटीने जात होते. तेव्हा साठ-सत्तर मैलांपर्यंत दोन्ही तीरांवर गावकऱ्यांची रीघ लागली होती, आणि ती सारी माणसे न्याय मागत होती. हे ग्रँटनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी नीळ आयोग नेमला गेला व त्याने मळेवाल्यांना दोषी धरले. बंगालमधील ही शेती ओसरली, तरी बिहारात तो जुलूम उरलाच. विघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीला देण्याच्या 'तीनकठिया' पद्धतीचा शेवट होण्यास गांधीजींचा १९१७चा चंपारण सत्याग्रह यावा लागला.

परतताना ट्रॅममध्ये मी हे सारे पुतण्याला सांगितले. तो बराच वेळ बोटांनी त्या कापडाचा पोत चाचपत होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे कोणी १८८०ची विजार तंतोतंत करायची म्हटली, तर तिला झाडाचीच नीळ हवी. १९४४च्या विजारीला रासायनिक चालेल, झाडाची लावली तर ती चूक ठरेल."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. रिवेट, बकल आणि काठ यांवरून त्याने काळ ठरवला होता. रंगावरूनही काळ ठरतो, हे त्याला त्या दिवशी कळले. ती रेषा डोळ्यांना दिसत नाही. जाणण्यासाठी नदियाचा रयत ठाऊक असावा लागतो. रिवेटांमागे खाणमजुराचा फाटका खिसा आहे, रंगवलेल्या कमानीमागे युद्धातली टंचाई आहे, आणि जुन्या निळीमागे ज्यांनी ही विजार जन्मात पाहिली नाही, अशी माणसे आहेत. प्रतिकृती करणाऱ्याने पहिल्या दोन गोष्टी जपल्या आणि तिसरी विसरला, तर त्याची प्रतिकृती अपुरी आहे, असे मी मानतो.

मी त्याला म्हटले, "नीळ झाडाची मिळेल. तमिळनाडूत आजही शेतकरी ती पिकवतात. पण तुमच्या त्या १८८०च्या विजारीत एक गोष्ट मात्र मुळाबरहुकूम करू नका. नीळ पेरणाऱ्याने ती स्वेच्छेने पेरलेली असावी आणि त्याला तिचा योग्य दाम मिळालेला असावा. प्रतिकृतीत एवढा फरक असला, तर तो दोष समजू नये."