वाया गेलेला पाव

गेल्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात एक छोटासा खटला उभा राहिला. बंगळूरला नोकरी करणारी पुतणी सुट्टीला बेळगावला आली होती. ती व्हीगन आहे. म्हणजे अंडे तर नाहीच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. भाऊबीज झाली, फराळाच्या डब्यांकडे कोणी बघेना, तेव्हा आदल्या दिवशीच्या पावाचे काप घेऊन ती ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आज मी फ्रेंच टोस्ट करते."

धाकटा भाऊ लगेच उसळला. "अंडं नाही, दूध नाही, मग तो फ्रेंच टोस्ट कसला? पुरणाशिवाय पुरणपोळीच ती!" आई पंच्याऐंशीच्या घरातली. तिची हरकत निराळी होती. "अंडं नाही ते बरंच आहे गं. पण दुधानं तुमचं काय वाकडं केलं?"

दोन्ही प्रश्न मला खरे वाटले. पहिला पदार्थाच्या नावाचा, दुसरा आपल्या सोवळ्याचा. उत्तरे शोधायची तर बरेच मागे जावे लागते.

पहिल्या प्रश्नाचा निकाल तसा लवकर लागतो. ॲपिशिअस या नावाने ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा एक लॅटिन संग्रह आहे. त्याचे संकलन साधारण चौथ्या-पाचव्या शतकातले मानतात. त्यात गोड पदार्थांमध्ये एक कृती येते. पांढऱ्या पावाचा कडक पापुद्रा काढायचा, मोठे तुकडे करायचे, दुधात भिजवायचे, तळायचे आणि वरून मध ओतायचा. झाले. अंड्याचा उल्लेख नाही. भिजवलेला पाव तळण्याची म्हणून जी सर्वांत जुनी लिखित कृती दाखवतात, तीच मुळी बिनअंड्याची आहे.

अंडे येते ते मध्ययुगीन युरोपात. ताय्यव्हां या फ्रेंच राजांच्या आचाऱ्याच्या नावावर चालत आलेल्या 'ल व्हियांदिये' या पाकपुस्तकात 'सोनेरी टोस्ट' आहेत. शिळ्या पांढऱ्या पावाचे काप जरा भाजून अंड्याच्या बलकात बुडवून तळायचे आणि वर साखर. सोनेरी रंग बलकाचा. श्रीमंताघरचे काम ते.

पण फ्रेंच माणूस या पदार्थाला 'फ्रेंच टोस्ट' म्हणतच नाही. तो म्हणतो 'पँ पेर्द्यू', म्हणजे हरवलेला, वाया गेलेला पाव. दगडासारखा झालेला पाव फेकून देण्याऐवजी भिजवून परत माणसांत आणायचा, एवढाच त्यामागचा विचार. जर्मन लोक याला 'गरीब सरदार' म्हणतात. पोर्तुगालमध्ये तो नाताळात 'रबनादश' म्हणून होतो, आणि तिथे याचे आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ 'बाळंतिणीचे काप'. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाचे लाडू, तिकडे दुधात भिजवलेला पाव. श्रीलंकेत आणि आपल्या दक्षिणेत काही ठिकाणी याच पदार्थाला 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात. मुंबईकर त्याला फ्रेंच म्हणतो, दक्षिणेतला माणूस मुंबईचा म्हणतो आणि फ्रेंच माणूस वाया गेलेला म्हणतो. सीमाभागात राहणाऱ्यांना या प्रकाराचे नवल वाटू नये.

आता 'फ्रेंच टोस्ट' हे इंग्रजी नाव. अमेरिकेतल्या फ्रेंच आडनावाच्या एका खाणावळवाल्याने १७२४ साली हा पदार्थ काढला अशी एक लाडकी दंतकथा आहे. ती टिकत नाही, कारण इंग्लंडमधल्या रॉबर्ट मे या आचाऱ्याच्या १६६० साली छापलेल्या पाकपुस्तकात हे नाव आधीच आले आहे. आणि त्याची कृती काय? फ्रेंच पद्धतीच्या पावाचे जाड काप जाळीवर भाजायचे, मद्यात भिजवायचे, साखर आणि संत्र्याचा रस घालून वाढायचे. अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही. ज्या पदार्थाला इंग्रजीत हे नाव इतक्या लवकर मिळालेले सापडते, तो आमच्या पुतणीच्या पंक्तीत बसणारा होता. मद्याचे काय ते तिने आणि तिच्या आजीने आपसांत ठरवावे.

भाऊ एवढ्यावर गप्प बसला असे नाही, पण त्याचा आवाज खाली आला.

आईचा प्रश्न जास्त अवघड, कारण तिच्या आयुष्यात ही रेषा तीनदा सरकलेली आहे.

तिच्या लहानपणी घरात पावच येत नसे. अंडे लांबची गोष्ट, नुसता पाव. शब्दही आपला नाही. पोर्तुगीज 'पांव' पासून तो आला, जसा 'पगार' आला, 'चावी' आली, 'बटाटा' आला. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवे घेतले तेव्हा त्यांना रोज पाव हवा होता, आणि इथे सगळी भाताची खाचरे. गहू घाटावरून आणता येई, पण पीठ फुगवायचे खमीर कुठून आणणार? माडावर मिळाले. ताडीवाल्याची सूर पिठात घातली की पीठ फुगते, हे तिथल्या पोदेरांनी हेरले. सासष्टीतले, विशेषतः माजोर्ड्याचे लोक या कामात पहिले, असे गोव्यात सांगतात. पुढे गोव्याच्या पोदेरांनी हीच विद्या मुंबईत नेली.

गंमत अशी की पीठ, पाणी, मीठ आणि सूर एवढ्यावर होणारा तो पाव व्हीगन माणसाने डोळे झाकून खावा असा होता. प्राण्यापासून आलेले त्यात काहीच नाही. पण आमच्या घरांना नेमकी ती सूरच चालत नव्हती, आणि ती मळणारे हातही. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची कथा गोव्यात, वसईत आणि घाटावरही सांगितली जाते. ती कथा म्हणून घेतली तरी पावाची धास्ती केवढी होती ते कळते. धास्ती नुसत्या पावाची नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनच्या आवारात काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यांची नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. एका बिस्किटाची ही किंमत! आईच्या वडिलांची पिढी त्या वादाच्या सावलीत वाढलेली.

पुढे पाव घरात आला, तो कागदात गुंडाळून. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि यंत्रावर कापलेला, वेष्टनातला पाव शहराशहरांतून मिळू लागला. माझे मत असे की आमच्या घरांत पावाला पावन केले ते कुठल्या सुधारकाने नव्हे, तर त्या मेणकागदाने. आत कोणाचे हात लागले ते दिसत नव्हते. आजाऱ्याला दूध-पाव, मुलांना मस्का-पाव, आणि बघता बघता तो ओट्यावर येऊन बसला.

मग अंड्याची पाळी. ज्या घरांत ते आले, तिथेही ते आधी मागल्या अंगणात आले. वेगळा स्टोव्ह, वेगळा तवा, वेगळे उलथणे. आमच्याकडे वडिलांसाठी फ्रेंच टोस्ट व्हायचा तो असा, आणि तो तवा कधीही पोळीच्या तव्याशेजारी टांगला गेला नाही. ज्यांना तेही चालत नव्हते त्यांनी पळवाट काढली. बेसनात टोमॅटो, कांदा, मिरची कालवून तव्यावर घातले आणि नाव दिले 'टोमॅटो आम्लेट'. मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या हे आम्लेट खाल्ले गेले आणि त्यात अंडे कुठे आहे असे कोणी विचारले नाही. तेव्हा नावाला बाध आला नाही. आता का यावा?

आणि ती पळवाटही नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, म्हणजे आपल्यासारखाच दोन भाषांचा मुलूख. त्या संस्कृत ग्रंथाच्या अन्नभोगात डाळी वाटून तव्यावर केलेल्या 'धोसका'चे वर्णन आहे. कन्नड माणूस त्यात आपला दोसा पाहतो, मी त्यात आपले धिरडे पाहतो, आणि दोघांचेही चुकत नाही. वाटलेली डाळ तव्यावर धरून ठेवते, हे ज्ञान या मातीत तेव्हापासून आहे. अंड्याच्या जागी बेसन घालणारी मुलगी काही परदेशी युक्ती करत नव्हती.

राहिले दूध. इथे मात्र आईचा प्रश्न सहज सुटत नाही. आपले सारे शाकाहारीपण दुधा-तुपावर उभे आहे. एकादशीला धान्य चालत नाही, दूध चालते. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांचे मध्ययुगातले चाळीस दिवसांचे व्रत बरोबर उलटे होते. पाव चाले, मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य. तिथल्या श्रीमंत मुदपाकखान्यांत त्या दिवसांत बदाम वाटून त्याचे दूध काढत आणि गाईच्या दुधाची जागा भागवत. तेव्हा वनस्पतीचे 'दूध' हेही कालच्या कारखान्यातले खूळ नव्हे.

'व्हीगन' हा शब्द मात्र अलीकडचा. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये सुतारकाम शिकवणाऱ्या डोनाल्ड वॉटसन यांनी आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी संस्था काढली, आणि 'व्हेजिटेरियन' या शब्दाची इंग्रजीतली पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे जोडून तो घडवला. म्हणणे साधे होते. वासराच्या वाट्याचे आपण घेतो, आणि दूध आटले की जनावराचे काय होते ते बघत नाही. हे ऐकून आपल्याला राग येतो, कारण मांसाहारी माणसाला आपण जे ऐकवत आलो तेच कोणीतरी आपल्याला ऐकवत असते.

आईला मी वॉटसन सांगितला नाही, गांधीजी सांगितले. दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. गाई-म्हशींचे दूध काढताना होणारी क्रूरता त्यांच्या मनाला लागली होती. पुढे जिवावरच्या दुखण्यात कस्तुरबांनी सुचवले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीचे घ्या. त्यांनी घेतले आणि आपण अक्षर पाळले, आत्मा मोडला, ही टोचणी आत्मकथेत लिहून ठेवली. १९२४ च्या डिसेंबरात आमच्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले ते एकमेव. तेव्हा ते शेळीच्या दुधावर होते. आईच्या माहेरी त्या अधिवेशनाच्या आठवणी सांगितल्या जात. ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "बरं. मग दुधाऐवजी काय घालणार आहेस ते तरी दाखव."

नारळ. दुसरे काय? कोकणात शेवयांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस खातात, तोच रस. चार कापांना एक वाटी दाट रस, त्यात दोन चमचे गूळ विरघळवायचा, तीन मोठे चमचे बेसन गुठळी न होऊ देता कालवायचे, वेलदोडा, चिमूट मीठ, आणि बलकाच्या आठवणीखातर हळदीचे बोट. हे पाव तास झाकून ठेवायचे, म्हणजे बेसन फुलते. नाहीतर कच्चट लागते. पाव शिळाच हवा. ताजा पाव रसात घातला की त्याचा लगदा होतो. शिळ्यातले पाणी उडालेले असते, तो रस पितो आणि तरी उभा राहतो. वेष्टनावरचे घटक वाचून घ्यावेत, कारण कारखान्याच्या पावात पुष्कळदा दुधाची भुकटी असते. एक बाजू चार-पाच श्वासांपुरती बुडवायची, मग दुसरी. तव्यावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल, आणि जाळ अगदी मंद. अंडे चटकन आळते, बेसनाला वेळ लागतो, आणि गूळ तेवढ्यात करपायला टपलेला असतो. पुतणीचा पहिला काप काळा झाला तो घाईमुळे. दुसऱ्याच्या वेळी आईने तिच्या हातातून उलथणे घेतले, जाळ कमी केला आणि वर झाकण ठेवले.

चव अंड्याच्या टोस्टसारखी होती का? नव्हती. कडेला कुरकुरीत, आत मऊ, वास शिरवाळ्यांच्या जवळचा आणि मागून बेसनाच्या लाडवाची एक झुळूक. भावाने दोन खाल्ले आणि मत राखून ठेवले.

भांड्यात थोडे मिश्रण उरले होते. आईने ते तव्यावर ओतले, वाटीच्या बुडाने गोल पसरले आणि पुतणीला म्हणाली, "तुझा तो फ्रेंच तू खा. हे गोड धिरडं मला."

तवा पोळीचाच होता. धुऊन तो नेहमीच्या खिळ्याला टांगला.