मेंटरिंग : फुटबॉल मॅनेजरमधील जाणत्यांची सोबत

मेंटरिंग ही ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळातील एक प्रशिक्षणपद्धत आहे. संघातल्या जाणत्या खेळाडूंच्या सहवासात तरुण खेळाडूला ठेवायचे आणि त्याचा स्वभाव, त्याच्या मैदानावरच्या सवयी घडू द्यायच्या, एवढेच तिचे काम. पास, हेडर, धावण्याचा वेग ही कौशल्ये तिच्यामुळे थेट वाढत नाहीत. पहिल्यांदा खेळणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. उत्तम स्ट्रायकरच्या शेजारी पोरगा बसवला म्हणजे तोही गोल करू लागेल, असे त्यांना वाटते.

पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या इंग्लंडमधल्या दोन भावांनी लिहिलेला, या खेळाचा पूर्वज ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ 1992 मध्ये बाजारात आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि भावांच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह कंपनीने 2004 मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने नवी मालिका सुरू केली. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडणे, डावपेच आखणे, खेळाडूंची खरेदी-विक्री, सरावाचे वेळापत्रक अशी सगळी व्यवस्थापकाची कामे करायची असतात. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ‘ट्युटरिंग’ होते : एक वडीलधारा, एक शिकाऊ. जोडी जमली तर छान, नाही तर दोघांत वितुष्ट. नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर 2019’ने ही जोड्यांची रीत बंद करून गटांची पद्धत आणली. तिलाच मेंटरिंग म्हणतात.

गटात किमान तीन खेळाडू लागतात. समजा, त्यात 33 वर्षांचा बचावपटू आहे, 26 वर्षांचा मधल्या फळीतला खेळाडू आहे आणि 17 वर्षांचा आघाडीपटू आहे. कोणाचा कोणावर किती प्रभाव पडणार, हे बऱ्याच अंशी संघातल्या मानावर ठरते. खेळ प्रत्येक संघाची एक उतरंड मांडतो : वर संघाचे पुढारी, त्याखाली वजनदार खेळाडू, मग इतर. वय, क्लबातली वर्षे, संघातले स्थान यांवरून हा मान ठरतो. शिवाय संघात ज्यांचे एकमेकांत उठणे-बसणे असते, अशांची टोळकी खेळ वेगळी दाखवतो. एकाच टोळक्यातल्या खेळाडूंचा परिणाम एकमेकांवर अधिक होतो. कालच विकत घेतलेल्या नामांकित खेळाडूला गटात घातले, तर त्याचे नाव कितीही मोठे असो, पोरे लगेच त्याचे ऐकत नाहीत. क्लबात दहा वर्षे घाम गाळलेला साधा बचावपटू इथे जास्त उपयोगी पडतो. या खेळाच्या रचनेतली ही सर्वात शहाणी गोष्ट म्हणावी लागेल.

बदलतात ते गुण स्वभावाचे. जिद्द हा गुण पडद्यावर 1 ते 20 अशा आकड्यांत दिसतो. कामावरची निष्ठा, महत्त्वाकांक्षा, दडपण सोसण्याची ताकद, डोके शांत ठेवणे हे गुण मात्र लपवलेले असतात आणि त्यांचा अंदाज स्वभाववर्णनाच्या एखाद्या शब्दावरून बांधावा लागतो. निष्ठा आणि जिद्द वाढली की सराव अंगी लागतो, म्हणजे कौशल्येही सुधारतात, पण आडवाटेने. लांबून फटका मारणे, चेंडू घेऊन कडेने पळणे अशा खास लकबीही जाणत्याकडून शिकाऊकडे येऊ शकतात. हे सारे महिनोन् महिने चालते.

आणि हा प्रवाह चांगल्याच दिशेने वाहील असे नाही. आळशी पण मानाचा खेळाडू गटात असला तर त्याचा आळसही उतरतो. व्यवस्थापकाची कसोटी त्यामुळे कोणाला गटात घ्यायचे यापेक्षा कोणाला दूर ठेवायचे यात लागते.

तरुणाला गटात कोणत्या वयात आणायचे, हे कळायला गोंदिया जिल्ह्यातली धानाची शेती पुरेशी आहे. आधी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकतात. ते साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटून, चिखलणी केलेल्या बांधीत रोवणी करतात. पाऊस लांबला आणि पऱ्हे जागेवरच जून झाले, तर रोवणीनंतर फुटवे कमी येतात. खेळातही युवा संघातला मुलगा वरिष्ठ संघाच्या सरावात आणल्याशिवाय वरिष्ठांच्या गटात बसवता येत नाही, आणि विशीचा मध्य उलटलेल्या खेळाडूचा स्वभाव फारसा हलत नाही.

जाणत्यांच्या सोबतीने शिकण्याच्या कल्पनेला महाराष्ट्रात जुने घर आहे. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालमीत वस्ताद असतो, त्याच्या हाताखाली जुने पैलवान आणि त्यांच्या नजरेखाली नवी पोरे. खेळातली उतरंड म्हणजे याच व्यवस्थेचा आकड्यांतला नकाशा. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येत 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर तो इंडियन ॲरोज संघात होता. 2017 मध्ये पुन्हा उभा केलेला हा संघ मुद्दाम कोवळ्या खेळाडूंचा ठेवला होता. तिथे मुलांना भरपूर सामने मिळाले, ही मोलाची गोष्ट. पण मेंटरिंगच्या भाषेत बोलायचे तर त्या संघाला वरची पायरीच नव्हती : ज्याच्याकडे पाहून शिकावे असा तिशीतला खेळाडू शेजारी नाही.

अशी वरची पायरी नागपुरात दिसते. तिथे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, तिला 2016 चा फिफा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट या कामावर आधारून आला. या संस्थेत खेळत मोठी झालेली मुले पुढे प्रशिक्षक होऊन धाकट्यांना शिकवतात. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्येही निवृत्त खेळाडू प्रशिक्षक होऊ शकतो. मात्र तिथे मेंटरिंगचे गट फक्त खेळाडूंचे असतात, त्यामुळे बूट काढून ठेवल्या दिवशी त्याचे गटातले स्थान संपते. नागपुरातल्या मैदानावर मात्र त्या मुलांचे खरे काम तेव्हाच सुरू होते.