साठवण आणि साठेबाजी

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. बकरी ईद १२ तारखेला होती. त्याआधीच्या आठवड्यात कोल्हापुरात पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. कोल्हापूरहून आमच्या राधानगरीकडे येणारा रस्ताही ठिकठिकाणी बुडाला. माल येणे थांबले.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन किराणा दुकानात गेलो. बिस्किटे, मैदा, कांदे-बटाटे संपले होते. फळ्या रिकाम्या पाहिल्या की माणसाच्या पोटात कसे होते, ते त्या दिवशी कळले. चार वेळा वीज गेली होती, म्हणून मी मेणबत्त्या मागितल्या. दुकानदाराने विचारले, "किती?" मी म्हणालो, "आहेत तेवढ्या द्या." सहा पुडे निघाले. सहाही मी पिशवीत टाकले. मागे गल्लीतल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांना दोन मेणबत्त्या हव्या होत्या. दुकानदाराने हात हलवले. मी ते ऐकले, आणि पिशवी न उघडता घरी आलो.

त्याच आठवड्यात आमच्या तालुक्यात दुसरे एक दृश्य होते. दूध संकलनाच्या गाड्या येत नव्हत्या, त्यामुळे म्हशीवाल्यांकडे दूध उरत होते. घरोघर खवा आटवणे चालले होते. खाली शहरात मात्र लोक दुधाच्या पिशवीसाठी वणवण करत होते. म्हणजे दूध होते, पण जिथे हवे तिथे नव्हते. टंचाई म्हणजे वस्तू नसणे, असे आपण धरून चालतो. इतिहास चाळला की दिसते, पुष्कळदा वस्तू असते. ती कुणाच्या हाती आहे आणि कशासाठी अडली आहे, हा खरा प्रश्न असतो.

आपल्या भाषेत 'साठा' या एकाच शब्दापासून दोन शब्द निघाले आहेत. एक साठवण, दुसरा साठेबाजी. वर्गात मुलांना मी हे दोन शब्द फळ्यावर लिहून देतो आणि फरक विचारतो. मुले म्हणतात, थोडे ठेवले तर साठवण, जास्त ठेवले तर साठेबाजी. मग मी त्यांना धरणाची आठवण करून देतो. आमच्या उशाशी ८.३६ टीएमसी पाणी साठते. ते थोडे आहे का? तरी त्याला कुणी साठेबाजी म्हणत नाही. कारण ते सर्वांना दिसते, त्याची पातळी रोज जाहीर होते, आणि ते खालच्या गावांसाठी साठवलेले असते.

हे धरण बांधायचे शाहू महाराजांच्या मनात का आले, याची सुरुवात दुष्काळातच आहे. महाराज १८९४ साली गादीवर आले. दोनच वर्षांत, १८९६-९७ मध्ये, मोठा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला. महाराजांचे वय तेव्हा बावीस होते. धान्याचे भाव चढले की व्यापारी माल बाहेर काढत नाही, आणि माल बाहेर येत नाही म्हणून भाव आणखी चढतात. हे चक्र नुसत्या हुकुमाने थांबत नाही. संस्थानाने बाहेरून धान्य आणले, स्वस्त दराची दुकाने उघडली, आणि लोकांच्या हाती पैसा यावा म्हणून दुष्काळी कामे काढली. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची. दुकान भरलेले असले आणि खिसा रिकामा असला, तर त्या भरलेल्या दुकानाचा उपयोग काय? पुढे १९०८ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचे काम सुरू झाले आणि राजकन्या राधाबाईंच्या नावाने आमचे गाव वसले. पैशाअभावी काम मध्येच थांबले, महाराज १९२२ मध्ये गेले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर.

शाहू महाराजांनी जे ओळखले, ते सरकारने १९४३ मध्ये ओळखले नाही. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. पुढच्या वर्षी बंगालात सुमारे तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी ते दिवस लहानपणी पाहिले होते. १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिशेब मांडला, की १९४३ मध्ये बंगालातले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ पडला नव्हता. युद्धामुळे भाव भडकले, ज्यांना जमले त्यांनी धान्य दडवले, आणि शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या मजुरीत तांदूळ बसेना. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. आमची दादी शेवटपर्यंत रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणायची. तिच्या तोंडी आणखी एक शब्द होता, 'काळाबाजार'. लढाई संपली, इंग्रज गेले, हे दोन शब्द मात्र राहिले.

स्वातंत्र्यानंतरही नियंत्रणे चालूच होती. १९५२ मध्ये रफी अहमद किडवाई केंद्रात अन्नमंत्री झाले. बाराबंकीचा हा माणूस आज आपल्या मुलांना फारसा माहीत नाही. त्यांचे म्हणणे असे, की देशात धान्य आहे, पण भीतीने दडले आहे. उद्या मिळणार नाही असे वाटते म्हणून शेतकरी ठेवतो, व्यापारी ठेवतो, गिऱ्हाईकही ठेवते. सरकारकडे पुरेसा साठा आहे अशी लोकांची खात्री झाली, की दडलेला माल आपोआप बाहेर येईल. त्यांनी एकेक बंधन उठवत नेले, आणि १९५४ पर्यंत धान्य बरेचसे मोकळे झाले. भाव भडकले नाहीत. पावसानेही साथ दिली, हे खरेच. पुढे पुन्हा बंधने आली, हेही खरे. ऑक्टोबर १९५४ मध्ये किडवाई वारले. पण फळी रिकामी करण्यात भीतीचा केवढा वाटा असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मग आले १९७२. महाराष्ट्राचा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना 'मिलो' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची. आमच्याकडे पाऊस चांगला, धरण जवळ, भाताचे पीक हाताशी. तरी अम्मी सांगते, रॉकेलसाठी डबा रांगेत ठेवून ती घरी येऊन स्वयंपाक करायची आणि पुन्हा जाऊन डब्याशेजारी उभी राहायची. दुष्काळ जिथे नव्हता तिथेही टंचाई पोचली होती.

त्या वर्षी मुंबईत बायकांनी महागाईविरुद्ध संयुक्त समिती उभी केली. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एका व्यासपीठावर आल्या. थाळ्या वाजल्या, लाटणे मोर्चे निघाले. त्यांची मागणी धान्य, साखर, तेल, रॉकेल रास्त भावात मिळावे अशी साधी होती, आणि माल कुठे दडला आहे तो दाखवा, असेही त्या विचारत होत्या. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. साठवण उजेडात राहू शकते. साठेबाजीला अंधार लागतो.

आपल्या परंपरांनाही हा फरक ठाऊक होता. भाव चढण्याची वाट पाहत धान्य अडवून ठेवणे, याला इस्लामी कायद्यात 'इहतिकार' म्हणतात आणि ते पाप मानले आहे. पण त्याच कुरआनात हजरत यूसुफ सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसांसकट साठवायला सांगतात आणि कोठारांचा कारभार स्वतःहून मागून घेतात. भाष्यकार सांगतात, की दुष्काळात ते माणशी एका उंटाच्या ओझ्याएवढेच धान्य देत. म्हणजे रेशनिंगच. इकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका आहेच. बीदरच्या बादशहाच्या चाकरीतल्या या माणसाने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली. दोन्ही कथांत कोठार भरलेले आहे. कुणी भरले आणि कुणासाठी उघडले, यावरून आपण त्या माणसांना ओळखतो.

साठेबाज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोदामाला कुलूप लावणारा जाडजूड व्यापारी येतो. व्यंगचित्रांनी आपल्याला तीच सवय लावली आहे. मलाही होती. पण एका गावात हजार घरे असतील आणि प्रत्येकाने सहा पुडे उचलले, तर कुठल्याही गोदामाची गरज उरत नाही. ते काम हजार कपाटे करतात. आणि त्यातला प्रत्येक जण हेच म्हणत असतो, की मी आपला घरापुरता बघतो.

माझे सहा पुडे मीही घरापुरतेच घेतले होते. त्या पुरात एकच पुडा फुटला. पाच कपाटात राहिले. कपाट उघडले की दिसायचे, म्हणून मी ते मागे सरकवले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. २१ तारखेला बकरी ईद झाली आणि लगेच पावसाने धरले. महामार्ग पुन्हा बंद, वीज पुन्हा गेली. बायको म्हणाली, "ते मागचे पुडे काढा की." काढले. एक घरात ठेवला आणि चार घेऊन गल्लीत निघालो. पहिले घर त्या आजींचे. दोन वर्षांपूर्वीचे त्यांना आठवत होते की नाही, कोण जाणे. मी विचारले नाही. पुडा पुढे केला. त्यांनी तो फोडला, दोन मेणबत्त्या काढून घेतल्या आणि उरलेला पुडा माझ्या हातात परत दिला.

"गुरुजी, मला दोनच लागत्यात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या म्होरच्या घरात द्या."