एक संकेतांक, दोन लिप्या

तेलंगणाच्या सीमेवरील कोरपना तालुक्यात मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात. लिप्या मात्र वेगळ्या. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने दोन्ही लिप्यांतील ‘क’ला एकच संकेतांक दिला. साध्या मजकुरात अक्षराची केवळ ओळख साठवायची, त्याचे रूप दस्तऐवज उमटताना ठरवायचे, हा त्यामागचा विचार. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ तंत्र याच वाटेचे.

डीटीपीच्या फाँटांनी नेमके उलट केले. देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले; फाँट नसला की अर्ज काय नि ग्रंथ काय, सारेच अगम्य! युनिकोडने इस्कीचा वर्णक्रम स्वीकारला, पण लिप्यांना स्वतंत्र घरे दिली. त्यामुळे नोटपॅडमध्ये टंकलेले मराठी आज वर्डमध्येही मराठीच राहते, आणि तेलुगू ‘क’ देवनागरी ‘क’पासून बरोबर ७६८ घरे पुढे आहे.