पाचाडचा टप्पा: पेनड्राइव्ह लावल्याने संगणकाची स्मृती खरोखर वाढते का?

रायगडाच्या माथ्यावर स्वराज्याची राजधानी होती. पण माथ्यावरची जागा मोजकीच. धान्यकोठारे, टाकी, बाजारपेठ असूनही गडाला लागणारी प्रत्येक वस्तू वर साठवणे शक्य नव्हते. मोठा व्यापार चाले तो सुमारे २५ किलोमीटरवरच्या महाड बंदरात. सावित्रीच्या खाडीतून गलबते तिथवर येत आणि देशावरचा माल पार घाट उतरून, पोलादपूरच्या बाजूने बैलांच्या पाठीवरून तिथे पोहोचे.

गडावरची वस्तू हाताशी होती, महाडची मागवावी लागे. या दोहोंच्या मध्ये, गडाच्या अगदी पायथ्याशी, पाचाड.

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास समजून घ्यायला एवढा भूगोल पुरेसा आहे. रॅम म्हणजे गडमाथा: जागा लहान, पण वस्तू तत्काळ हाती. हार्ड डिस्क म्हणजे महाड: कोठारे प्रशस्त, पण वाट लांब. ही वाट किती लांब? रॅममधला एखादा अंक साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळतो. फिरत्या तबकडीवरून तो शोधून आणायला १० मिलिसेकंद लागू शकतात. म्हणजे जवळपास लाखपट! गडावरून पाचाडऐवजी थेट दिल्लीला माणूस धाडला, तरी हे अंतर भरून निघणार नाही.

माथा अपुरा पडण्याचे दुःख संगणकाइतकेच जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्णत्वाने चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले आणि त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याच्या फेराइट कड्यांच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही सारी स्मृती अवघी १० किलोबाइट. मोबाइलमधले एखादे छोटे चित्रही तीत मावणार नाही. एवढ्याशा जागेत शास्त्रज्ञांची गणिते बसवायची होती.

त्या काळी जगभर हीच अडचण होती आणि तिच्यावरचा उपायही एकच. आज्ञावली मोठी झाली की लिहिणाऱ्यानेच तिचे तुकडे पाडायचे; कोणता तुकडा केव्हा आत आणायचा आणि कोणता बाहेर काढायचा, याचा हिशेब स्वतः मांडायचा. मूळ गणितापेक्षा ही हमालीच अधिक डोके खाई.

या जाचातून सुटका झाली ती इंग्लंडातल्या मँचेस्टर विद्यापीठात. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘अ‍ॅटलस’ संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या मुख्य स्मृतीत १६ हजार शब्दांची जागा होती आणि फिरत्या चुंबकीय पिंपांवर ९६ हजारांची. आज्ञावलीला मात्र ही दोन कोठारे निराळी दिसतच नसत. ५१२ शब्दांचे एकेक ‘पान’ यंत्र आपणच आत आणी आणि दीर्घकाळ न लागलेले पान आपणच बाहेर ठेवी. आभासी स्मृतीचा, म्हणजे आजच्या स्वॅप आणि पेजिंग फाइलचा, हा मूळपुरुष.

युक्ती अजोड होती, पण तिला मर्यादा होती. माथ्यावर जागा फारच कमी असेल, तर यंत्राचा सगळा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या दुरवस्थेची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली. इंग्रजीत तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात; मराठीत सांगायचे तर सगळे हमाल घाटातच आणि गडावर चूल थंड.

ही अवस्था महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात लोकांनी डोळ्यांनी पाहिली ती या शतकाच्या आरंभी. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक मोठ्या शहरांबाहेर पोहोचवला. महाड-पोलादपूरसारख्या गावांत कित्येकांचा माउसला पहिला स्पर्श झाला तो अशा वर्गांत. विंडोज एक्सपीची किमान गरज होती ६४ मेगाबाइट रॅम. तेवढ्यावर ती चाले, असे म्हणणे म्हणजे चालण्याची व्याख्या फारच सैल करणे होय. एक खिडकी उघडावी, कॅबिनेटवरचा दिवा लुकलुकत राहावा आणि विद्यार्थ्याने हात बांधून बसावे.

जिथे निकड असते, तिथे फसवणूकही पोहोचते. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिंक्रोनिस कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ हे उत्पादन बाजारात आणले. रॅमचा एकही तुकडा न घेता स्मृती दुप्पट होईल, असा दावा होता. ‘सॉफ्टरॅम’च्या ६ लाखांहून अधिक प्रती खपल्या. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ती आज्ञावली उकलून पाहिली, तेव्हा आत स्मृती दाबून बसवण्याचे काम होतच नसल्याचे दिसले. कंपनीला माल परत घ्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी व्यापार आयोगाची कारवाई तिच्यावर झाली.

म्हणूनच जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत ‘रेडीबूस्ट’ आले, तेव्हा जाणकारांच्या भुवया उंचावल्या. पेनड्राइव्ह खोचा आणि संगणक वेगवान करा! हेही सॉफ्टरॅमचेच भावंड तर नव्हे?

नव्हते. पण लोकांनी त्याचा जो अर्थ लावला, तोही खरा नव्हता. पेनड्राइव्हने रॅम वाढत नव्हती. रेडीबूस्टने गडमाथा रुंद केला नाही. त्याने पाचाडचा टप्पा उभा केला. डिस्कवर विखुरलेल्या लहानसहान तुकड्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली जाई. फ्लॅश स्मृतीत फिरणारे काहीच नसल्यामुळे असे तुकडे तिथून झटकन उचलता येत. सलग मोठी फाइल मात्र हार्ड डिस्कवरूनच वाचली जाई, कारण त्या कामात डिस्क पेनड्राइव्हहून सरस होती.

यातली दक्षता वाखाणण्याजोगी आहे. मूळ माल नेहमी महाडलाच राही, पाचाडला केवळ नक्कल. त्यामुळे कुणी मध्येच पेनड्राइव्ह उपसला, तरी काही गमवावे लागत नसे. नक्कलही कूटबद्ध असे. पेनड्राइव्ह चोरीला गेला, तरी चोराच्या हाती अर्थहीन अक्षरे. ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे सेकंदाला किमान २.५ मेगाबाइट वेगाने वाचता आले नाहीत, तर विंडोज तो पेनड्राइव्ह या कामासाठी नाकारी. बाजारातले कित्येक स्वस्त पेनड्राइव्ह या परीक्षेत नापास होत.

लाभ कुणाला झाला? ५१२ मेगाबाइट रॅमवर व्हिस्टा ओढणाऱ्या यंत्रांना तो जाणवला. रॅम १ गिगाबाइटपलीकडे गेली की फरक शोधावा लागे. रॅमची एक पट्टी विकत घेणे, हाच तेव्हाही सर्वोत्तम उपाय होता.

त्याच वर्षी रायगड जिल्ह्याच्याच उत्तर भागातल्या खैरात या गावी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हाती आले. त्यात २५६ मेगाबाइट रॅम होती आणि हार्ड डिस्कच नव्हती, फक्त १ गिगाबाइट फ्लॅश. पडद्याच्या खालच्या बाजूला एसडी कार्डाची खाच होती. पुढे जगभरातले हौशी वापरकर्ते त्या कार्डावर स्वॅपची जागा आखून स्मृतीची उणीव भरू लागले. ही वाट रेडीबूस्टहून धाडसी. इथे नक्कल नव्हे, मूळ पानेच बाहेर ठेवली जात. चालू यंत्रातून कार्ड काढले की काम कोसळे. शिवाय फ्लॅशची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहू देते, आणि स्वॅप तर अखंड लिहीत असतो.

पुढे दोन गोष्टींनी हा सारा खटाटोप मागे टाकला. एक म्हणजे स्मृती आतल्या आत घडी घालून दाबणे: मॅकमध्ये हे २०१३ मध्ये आले, विंडोजमध्ये २०१५ मध्ये. सॉफ्टरॅमने जे खोटे विकले, तेच आता खरे होऊन फुकट मिळाले. दुसरी म्हणजे एसएसडी. तबकडीच गेली आणि महाडच जणू पायथ्याशी येऊन बसले. जुन्या यंत्रात एसएसडी बसवून कुणी आज विंडोज ७ किंवा १० मध्ये रेडीबूस्ट चालू करू पाहिले, तर संगणकच कळवतो की मूळ डिस्क पुरेशी वेगवान आहे, या सोयीने अधिक लाभ होण्याचा संभव नाही.