पंचाने खेळावे केव्हा?

बुद्धिबळाच्या पटावर लपवून ठेवण्याजोगे असे काही नसतेच. राजा, वजीर, उंट, घोडे आणि एकूण एक प्यादे उभय पक्षांच्या डोळ्यांसमोर उघड्यावर उभे असते, आणि त्यामुळेच चतुरंगाच्या रूपाने या भूमीत जन्मलेला हा खेळ इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेला, तरी शेकडो वर्षांच्या त्या प्रवासात त्याला कोणा तिसऱ्या माणसाची गरज भासली नाही. शेजारी बसून फुकटचा सल्ला देणारे तिसरे, चौथे आणि पाचवे सर्व काळी होतेच, पण त्यांच्यावाचून डाव कधी अडला नाही. १७८० साली ब्रन्सविक येथील हेल्विग नावाच्या शिक्षकाने याच पटाची घरे दीड हजारांवर नेऊन, त्यांत डोंगर, नद्या आणि दलदली रंगवून, तरुण विद्यार्थ्यांना युद्धविद्या शिकविण्याचा घाट घातला, तेव्हाही त्याच्या पटावरील सैन्ये परस्परांना दिसतच होती. खऱ्या सेनापतीला मात्र टेकडीपलीकडचे दिसत नाही. आणि हे न दिसणे जर खेळात आणावयाचे, तर ज्याला सारे दिसते असा एक मनुष्य पटाशी बसविणे प्राप्त होते. त्या मनुष्याची ही हकिगत आहे.

तो प्रथम प्रशियात बसला. ब्रेस्लाऊ येथील मुलकी अधिकारी थोरले राइसवित्झ यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धखेळाचे एक भले थोरले मेज नजर केले होते, ते राजवाड्याची शोभा होऊन राहिले; परंतु त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, मेजाऐवजी १:८००० प्रमाणाचे नकाशे घेतले, लाल आणि निळ्या ठोकळ्यांच्या पलटणी केल्या आणि १८२४ साली नियमांचे पुस्तक सिद्ध केले. सेनाप्रमुख म्यूफ्लिंग प्रारंभी थंडपणे पाहत होता, पण डाव पुढे सरकू लागला तसा तो इतका प्रभावित झाला की, लवकरच हा खेळ पलटणीपलटणींतून चालू करण्याचा हुकूम सुटला. या खेळात उभय सेनापतींनी आपापले हुकूम लेखी द्यावयाचे, ते खलिते पंचाने वाचावयाचे, घोडेस्वाराला ते पोहोचविण्यास किती वेळ लागेल याचा हिशेब करून तितका वेळ ते अडवून ठेवावयाचे, फासे आणि कोष्टके यांवरून कोणत्या तुकडीची किती माणसे पडली हे काढावयाचे, आणि शत्रूचा ठोकळा ज्याच्या दृष्टिपथात खरोखर येईल त्यालाच तो दाखवावयाचा, असा बंदोबस्त होता. आणि एक चाल म्हणजे दोन मिनिटांचे युद्ध असल्याने हे सर्व पंचाला शेकडो वेळा करावे लागे. पंचाच्या वाट्याला सर्वज्ञता आली ती अशी, आणि तिच्याबरोबर खेळण्याची बंदीही. ज्याला दोन्ही छावण्यांतील गुपिते ठाऊक तो कोणत्या छावणीत जाऊन लढणार?

पुढे कोष्टकांचे ओझे इतके वाढले की १८७६ साली फेर्डी दु व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीने ती जवळजवळ बाजूला सारून, अनुभवी पंचाचा निवाडा हाच कायदा, असा पुरस्कार केला. चारच वर्षांनी टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याने आपल्या 'स्ट्रॅटेगॉस' या ग्रंथात पंचाला अशीच व्यापक मुखत्यारी दिली. हा ग्रंथ पुढे जवळजवळ नव्वद वर्षे धूळ खात पडला आणि मग मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागला, हा योगायोग नसता तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला वाटते.

वेस्लीने १९६९ साली सेंट पॉल येथे ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळची दोन सैन्ये गावावर चालून येत आहेत इतकीच पार्श्वभूमी. नवल होते ते असे की सेनापतींखेरीज इतर खेळाडूंना त्याने गावातील एकेका माणसाचे सोंग दिले, कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. सैन्ये गावात पोहोचण्यापूर्वीच ही मंडळी एकेक करून वेस्लीला बाजूच्या खोलीत ओढू लागली, आपसांत कारस्थाने करू लागली. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले, आणि त्याचे नियम नसल्याने पंचाला ते जागच्या जागी रचावे लागले. वेस्ली घरी गेला तो डाव फसला या समजुतीने. मंडळींनी मात्र पुन्हा कधी, म्हणून तगादा लावला.

त्या मंडळींत इतिहासाचा विद्यार्थी डेव्ह अर्नेसन होता, आणि पुढच्या एका डावात, लॅटिन अमेरिकेतील एका काल्पनिक प्रजासत्ताकात, क्रांतिकारक विद्यार्थ्याचे सोंग त्याने असे काही वठविले की पंचाची मती गुंग झाली. वेस्ली १९७० साली सैन्यात रुजू झाल्यावर त्याची जागा घेणाऱ्यांत अर्नेसन पुढे आला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते: उत्तम पंच हा बहुधा आधी उपद्व्यापी खेळाडू असतो. १९७१ साली त्याने 'ब्लॅकमूर' हा किल्ला आणि त्याखालील तळघरांचे जाळे निर्माण केले, खेळाडूंना तीच ती पात्रे बैठकीमागून बैठक चालविण्याची मुभा दिली, आणि १९७२ च्या अखेरीस डेव्हिड मेगॅरी या स्नेह्यासह विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी जाऊन तो डाव गॅरी गायगॅक्सच्या घरी मांडला. विमा कंपनीतील नोकरी गेल्यामुळे गायगॅक्स त्या काळी घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होता. त्या रात्री तो खेळाडू होता, निव्वळ खेळाडू. पुढच्या दाराआड काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्या सुखापायी त्याने नियमांचा पन्नासेक पानांचा मसुदा लिहिला, आणि तो लिहिल्याबरोबर ते सुख त्याच्या हातून गेले, कारण मसुदा पारखावयाचा तर कोणी तरी पंच व्हावयास हवे होते.

पंच तो स्वतःच झाला, आणि त्याने रचलेल्या 'ग्रेहॉक' किल्ल्यात प्रथम उतरली ती त्याचीच मुले, अर्नी आणि एलिझ. दुसऱ्या रात्री डॉन के, टेरी कुंट्झ व रॉब कुंट्झ येऊन मिळाले. लौकरच आठवड्यातून अनेक बैठका भरू लागल्या, मेजाभोवती कधी कधी वीस वीस माणसे जमू लागली. १९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणून तीन पुस्तिकांच्या पहिल्या हजार पेट्या निघाल्या, त्यांत वीस खेळाडूंमागे एक पंच असे प्रमाण जे सुचविलेले आहे ते आजच्या चार-पाच जणांच्या मेळ्याला थट्टेचे वाटेल, परंतु लेक जिनीव्हाच्या त्या खोलीत ते अनुभवाचे बोल होते. घरातल्या मुलांना रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्याला या पंचाची कुचंबणा कळावी: राक्षस कोठे दडला आहे हे पोरांना ठाऊक नसते म्हणून ती दचकतात, आणि सांगणाऱ्याला मात्र कोणी दचकवीत नाही.

तोड निघाली ती रॉब कुंट्झच्या रूपाने. हा पोरगा वयाने अठराच्या आतबाहेर. त्याचे 'रोबिलार' नावाचे पात्र ग्रेहॉकच्या तळघरांत एकटेच उतरून थेट तळाच्या मजल्यापर्यंत पोहोचले, म्हणजे गुपितांचा साठा ज्याच्यापुढे संपावा असा हा खेळाडू. गायगॅक्सने त्याला सहपंच करून घेतले. कुंट्झचा स्वतःचा एक किल्ला होता, आणि तेथल्या भिंतींआड काय आहे हे गायगॅक्सला माहीत नव्हते, हाच त्या किल्ल्याचा मोठा गुण. तेथे गायगॅक्स 'मॉर्डेनकेनन' नावाचा मांत्रिक होऊन खेळू लागला. दोन किल्ले, दोन पंच, आणि आळीपाळीने एकाने दुसऱ्याच्या अंधारात शिरावयाचे, अशी ही वाटणी झाली.

आपल्याकडील नाटकवाल्यांना ही अडचण जाचली नसती. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'त सूत्रधार प्रस्तावनेतच सांगून टाकतो की कामंदकीची भूमिका मी करणार. पण त्याचा प्रयोग लिहून ठेवलेला असतो, त्याला सर्व ठाऊक असले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. येथे संहिताच नाही.

ज्याला कुंट्झ लाभला नाही त्याने काय करावे, हेही गायगॅक्सच्या मनात आले असावे. कारण १९७५ च्या वसंतात 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात त्याने एकट्याने खेळण्याची रीत दिली, जीत फासे टाकावे आणि कोष्टकावरून वाट, खोली, राक्षस आपोआप उपजत जावेत. राइसवित्झच्या ज्या कोष्टकांना फेर्डीने हाकलले होते तीच येथे पंचाला सुटी देण्यासाठी परत आली. पुढे १९८७ साली 'आर्स मॅजिका' या खेळाने पंचाचा अंमल मंडळींत फिरता ठेवण्याचा रिवाजच घालून दिला. प्रत्येकाला एकाहून अधिक पात्रे, आणि ज्याची पाळी त्याचा मांत्रिक तेवढ्यापुरता घरी राहिलेला.

मॉर्डेनकेनन मात्र घरी राहिला नाही. १९७८ साली खेळाडूंसाठी जे नियमांचे पुस्तक निघाले त्यात त्याच्या नावाने मंत्र छापले गेले. त्यांपैकी एकाने इमानी कुत्रा प्रकट होतो. तो दाराशी राखण करतो, परक्यावर भुंकतो, आणि ज्याने त्याला बोलाविले त्याच्याखेरीज तो कोणालाही दिसत नाही.